डब्यातली चिठ्ठी

बाळांनो, काल कपाट आवरताना हिंगाचा वास मुरलेला स्टीलचा छोटा डबा हाती आला आणि कॅरी गावातल्या आपल्या घरातली एक जुनी दुपार आठवली. उघड्या चाकांच्या रेसगाड्यांचा नवा सीझन फ्लोरिडात सुरू व्हायचा होता, म्हणून तुमच्या बाबाचे चार मित्र जमले होते. गेल्या वर्षीचे अपघात टीव्हीवर पुन्हा पुन्हा लावत ते माझे गरम बटाटेवडे खात होते. मग भिशीला टाकतात तशा ड्रायव्हरांच्या नावाच्या चिठ्ठ्या त्यांनी या डब्यात टाकल्या. एक जण म्हणाला, "काकू, तुमच्या हाताला यश आहे, एक काढा." जिंकणाऱ्याचं नाव असेल, असं समजून मी देवाचं नाव घेऊन चिठ्ठी काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "म्हणजे यंदा पहिला भिंतीवर आपटणार हा," तो म्हणाला. चिठ्ठीत नाव निघालेल्या त्याच मुलाला मी थोड्या वेळापूर्वी टीव्हीवर स्ट्रेचरवरून नेताना पाहिलं होतं. "अरे, त्याला आई असेल," मी म्हणाले. "चिल काकू, जस्ट फन आहे यार. चटणी आहे का अजून?" तुमचा बाबाही हसला. मला शिसारी आली, तरी पाहुणा म्हणून मी त्याला चटणी वाढली. शर्यतीच्या दिवशी मी शेवटपर्यंत टीव्हीसमोरून हलले नाही. तो मुलगा गाडीतून सुखरूप उतरला, तेव्हा कुठे जेवले. डबा काल पुन्हा घासून ठेवला. त्यांच्या हसण्याची किळस आता कमी झाली आहे, मी वाढलेल्या त्या चटणीची मात्र नाही.