अर्थिंगला पाणी

आमच्या गल्लीत सकाळी बायका तुळशीला पाणी घालायच्या आणि तात्या अर्थिंगला. परड्याच्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा काढून त्यांनी तांब्याची पट्टी पुरली होती आणि भोवती कोळसा न् मीठ भरलं होतं. तिथून एक जाड तार त्यांच्या घरात जायची. खड्ड्यात ओल राहिली तरच घरातल्या स्पीकरचा आवाज साफ राहतो, असं त्यांचं म्हणणं. अंघोळ झाली की पंचा गुंडाळून ते तांब्याभर पाणी तिथं सावकाश सोडायचे. एकदा एका नव्या भाडेकरूनं जाता जाता हात जोडले. "देव न्हाय त्यो, पावणं," तात्या खेकसले, "अर्थिंग हाय!" तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव अर्थिंगतात्या.

तात्या एका डेअरीच्या चिलिंग प्लँटवर ऑपरेटर होते. नोकरीची सगळी वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी गेली. घरी त्यांनी हौसेनं अँप्लिफायर, दोन मोठे स्पीकर आणि कॅसेट डेक मांडला होता. गाण्याचं त्यांना फारसं कळत नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचं सगळं लक्ष स्पीकरमधून येणाऱ्या बारीक घरघरीकडं. "गाणं कुणीबी ऐकंल," ते म्हणायचे, "दोन गाण्यांच्या मधी काय ऐकू येतंय, ते सांगा."

त्या मधल्या जागेसाठी त्यांनी घर बदललं. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो म्हणून साधे बल्ब आले. पंख्याचा नवा रेग्युलेटर जाऊन जुना ठोकळ्यासारखा परत आला. विजेची तार आणि स्पीकरची तार म्हणजे जावा-जावा, त्यांना शेजारी बसवायचं नाही, ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडायचं, हा त्यांचा नियम. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो. मोजायचं काम असलं की भिंतीपलीकडून हाक यायची, "काटेवालं, टेप घिऊन या." मग मी अंतर मोजायचो आणि तात्या खिळे ठोकायचे.

सगळं जमायचंच असं नाही. एकदा त्यांनी पानपट्टीवरून सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद गोळा केला, सगळ्या तारांना गुंडाळला आणि दोन्ही टोकं अर्थिंगला जोडली. घरघर दुप्पट झाली. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपुढून म्हणाल्या, "मला एक साडी आणाय सवड न्हाय, आन् तारांस्नी जरीचं झगं!"

रविवारी सकाळी तात्या ऐकायला बसायचे. त्या वेळात फ्रिज बंद, टीव्हीची केबल उपसलेली, पंखा बंद. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. तिची मोटर स्पीकरमध्ये कळते म्हणून ते एकदा गिरणीवाल्याला सांगायला गेले. तो म्हणाला, "तात्या, तुमच्या गाण्यापायी गल्लीनं भाकरी सोडायची व्हय?" तात्या परत आले, पण गिरणीवर रागावले नाहीत. त्या बाजूची भिंत सोडून त्यांनी सगळा सेट पलीकडच्या भिंतीला नेला.

काकी गडहिंग्लजकडच्या. बोलणं मोकळं, आवाज मोठा. एका रविवारी तात्यांनी माइकची नवी तार जोडली होती. ती तपासायला त्यांनी काकींना समोर बसवलं. मी तिथंच होतो. "बोल कायतरी," तात्या म्हणाले.

"यव्वा, काय बोलू? फ्रिज बंद करून बसलायसा. दूध नासलं तर मला म्हणू नगा."

"बास. आता गप बस."

काकी गप्प बसल्या. रेकॉर्डिंग चालू होतं, कॅसेट फिरत राहिली. तात्यांना हवी होती ती शांतताच. नंतर कॅसेट लावून पाहिली, तर त्या शांततेत हलकेच बांगड्या वाजल्या. काकींनी पदर सारखा केला असावा. तात्यांचा चेहरा उजळला. "ऐकलंस? बांगड्याबी आल्या. इतकं साफ!"

"बांगड्या ऐकाय मशीन कशाला?" काकी उठत म्हणाल्या. "इथंच तर बसलीया की."

पुढं काकींची साखर वाढली आणि घरात इन्सुलिन आलं. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. त्या दिवसापासून तात्यांनी रविवारचा फ्रिज बंद करणं सोडलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरघरू दे. औषध हाय आत." चारेक वर्षं त्यांनी घरघरीसकट ऐकलं, आणि तक्रार केली नाही. काकी गेल्या. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे परतले आणि तात्यांनी फ्रिजची पिन काढली. ती पुन्हा कधी लावली नाही.

काकींचा आवाज त्या एका कॅसेटवर होता. दुसरीकडं कुठंही नाही. तात्या दार लावून, कानाला हेडफोन घालून ती ऐकायचे. बाहेर आले की एवढंच म्हणायचे, "बांगड्या येत न्हाईत. घरघरीखाली गेल्यात." घरात कुठून तरी घरघर शिरली आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आम्ही सगळ्या तारा पुन्हा मोजल्या. अर्थिंगचा खड्डा उकरून कोळसा न् मीठ बदललं. तोवर घरोघर मोबाइल आले होते. फोन यायच्या आधी स्पीकरमध्ये टर्र-टर्र वाजतं, हे कळल्यावर मी माझा मोबाइल घरी ठेवूनच त्यांच्याकडं जाऊ लागलो. मला स्पीकरमध्ये काही ऐकू येत नसे. पण तात्यांचा कान माझ्यापेक्षा तयार, असं मी धरून चाललो होतो.

ती वर्षं भारनियमनाची होती. एका दुपारी वीज गेली आणि तात्यांनी भिंतीवर थाप मारली. मी गेलो. त्यांनी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणून ठेवला होता. गिरणी बंद, टीव्ही बंद, सगळी गल्ली बंद. "आता खांबावरच वीज न्हाय," तात्या म्हणाले. "आता घरघर कुठनं येती बघू." त्यांनी हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं. मग काढून माझ्या हातात दिला. "हाय की अजून. ऐका."

मी ऐकलं. काकींचं बोलणं आलं. दूध नासण्याचं. तात्यांचं 'गप बस' आलं. पुढची शांतता कोरी करकरीत होती आणि तिच्यात बांगड्या अगदी जवळ वाजल्या.

"घरघर हाय का न्हाय?"

काट्यावरच्या माणसाला अंदाजे बोलायची सवय नसते. "नाही तात्या. साफ आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टेपरेकॉर्डर उलटा करून एकेक सेल काढला आणि पाटावर ठेवला. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसले. घरात काहीच चालू नव्हतं.

"अजून हाय," तात्या म्हणाले.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "कॉम्प्रेसर हाय त्यो. माझ्यासंगं घरी आलाय." पुढं कानाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. प्लँटवरच्या मोठ्या आवाजानं कानाची नस खराब झाली आहे, घरघर कानातलीच आहे, त्याला औषध नाही.

तात्यांनी त्यानंतर तारांना हात लावला नाही. मात्र रविवारी बोलवायचे. कॅसेट लावायचे आणि हेडफोन मला द्यायचे. स्वतः समोर बसून माझं तोंड बघायचे.

"वाजल्या?"

"वाजल्या."

"न्हायतर उगं माझ्यासाठी म्हणाल."

"तात्या, वाजल्या."

"मग ऱ्हाऊ दे. तुमास्नी तरी येत्यात."

त्यांच्या मुलीनं त्यांना गडहिंग्लजला नेलं. एस.टी.त बसताना त्यांच्याजवळ एक पिशवी होती, आणि कॅसेट त्यांनी शर्टाच्या खिशात घातली होती. खिडकीतून म्हणाले, "काटेवालं, तेवढं पाणी घालत जावा. कोरडं पडू देऊ नगा." पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचा फोन आला. कॅसेटचं काय झालं, ते विचारायला मला जमलं नाही.

घराला कुलूप आहे. मीटर काढून नेलाय. परड्यातली जाड तार कुणीतरी तांब्यासाठी कापून नेली. आता तो खड्डा कशालाच जोडलेला नाही, हे मला माहीत आहे. अंघोळ झाली की मी तिथं तांब्याभर पाणी सोडतो.