उजवा गुडघा, डावा हात

मी डावरी. आमच्या माण तालुक्यात डावऱ्या पोरीला लहानपणी किती बोलणी बसतात, ते डावऱ्या पोरीलाच ठाऊक. डाव्या हातानं वाढलं की बोलणी. डाव्या हातानं प्रसाद घेतला की पाठीत धपाटा. चुलत्या म्हणायच्या, "हिचा हात बांधून ठेवा, सासरी नाक कापंल आमचं." माझी आई मेंढरं राखायची, आणि तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "हात तिचा हाय. तुमचं काय जातंय?" एवढं बोलून ती मेंढरांमागं चालू लागायची.

त्या हातानंच मला सांगलीला नेलं. हँडबॉलमध्ये मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात डावखुरी पोरगी लागते. उजव्या हाताच्या पोरीला त्या कोपऱ्यातून गोल दिसतो दाराच्या फटीएवढा. डावरीला तिथनंच निम्मं दार उघडं दिसतं. आमच्या क्लबात डावरी मी एकटीच होते. क्लबाचे सर मला न्यायला वस्तीवर आले तेव्हा आईला म्हणाले, "आम्हाला हिचा डावा हात पाहिजे." आई म्हणाली, "नुसता हात कशाला, आख्खी न्या की. पर जेवाय घाला, लय खाती." सर हसले. वडील तेव्हा मुंबईला कामाला होते. त्यांना फोनवरच कळलं.

त्या वर्षी आमचा क्लब बाहेरच्या देशांतल्या क्लबांबरोबर खेळणार होता. बायकांच्या क्लबांचा सबंध सीझन, दोन फेऱ्यांचा. पहिली फेरी दिवाळीनंतर आपल्याच देशात, उत्तरेत. पहिल्या चारात आलो तर दुसरी होळीच्या आधी परदेशात. आम्ही ज्या मैदानावर घाम गाळला ते मातीचं. कधी साताऱ्याच्या स्टेडियमवर सिमेंटचं मिळायचं. तिकडं छताखाली रबरी मॅट, आणि बॉलला चिकट मेण. पहिल्या सामन्यात बॉल माझ्या बोटांतून सुटेचना, थेट माझ्याच पायावर आपटला. मिरजेची एक पोर माझी जिवाची मैत्रीण होती. ती बाकावरून ओरडली, "अगं सोड की त्याला, लग्न लावलंस काय?" मग जमत गेलं. तिसऱ्या सामन्यात माझे इतके गोल झाले, की समोरच्या उंच पोरी मला दोघी दोघी अडवायला लागल्या.

चौथ्या सामन्यात, जो जिंकून आम्ही पुढच्या फेरीत गेलो, मी कोपऱ्यातून उडी घेतली, बॉल मारला आणि उजव्या पायावर उतरले. मातीवर पाय जरा सरकतो. त्या मॅटवर पाय जागच्या जागी चिकटला आणि अंग पुढं फिरलं. आत काहीतरी वाजलं. गोल मात्र झाला. मी लंगडत बाकावर आले आणि वेड्यासारखी हसत होते, कारण आम्ही पुढं गेलो होतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "गुडघ्यातली दोरी अर्धी तुटली आहे, अर्धी शाबूत आहे. हा पट्टा दिवसभर बांधायचा, सांगितलेले व्यायाम रोज करायचे. मांडी मजबूत राहिली तर खेळशील." ते 'खेळशील' मी घट्ट धरून ठेवलं. मला दुसऱ्या फेरीत खेळायचं होतं. बाकी मला काही म्हणजे काही नको होतं. सरांनी मला चार दिवस घरी पाठवलं, आईच्या हातचं खायला.

इथं आईच्या हाताबद्दल सांगायला पाहिजे. तिच्या हाताला गुण होता, असं सगळी वस्ती म्हणायची. मेंढरू लंगडलं, की आई कोनाड्यातल्या डबीतून बिब्बा काढायची. बिब्बा म्हणजे रानातलं काळं कडक फळ. तो दाभणाला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. त्या तेलाच्या रेघा लंगड्या पायावर ओढायच्या, वरून चुना लावायचा. मेंढरू चालायला लागायचं. माणसंही यायची. कुणाची कंबर, कुणाचा घोटा. वडिलांची पाठ तिनं अशीच बरी केलेली. बिब्बा एखाद्याच्या अंगावर उततो, कातडं फुटतं, हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्या हातून कधी उतला नव्हता. त्यामुळं त्याची धास्ती तिला नव्हती, आणि खरं सांगू, मलाही नव्हती.

संध्याकाळ झाली की माझा गुडघा सुजायचा. आई पट्टा सोडायची, दाबून बघायची, परत बांधायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मेंढरं वाड्यात घालून ती आली आणि म्हणाली, "ह्यो पट्टा काय करतूय गं? नुसता आवळतूय. आत थंडी धरलीया. बिब्बा वडते, सूज बसंल. इमानात कशी चढशील अशी?"

मी म्हटलं, "आये, डॉक्टरला इचारू का?"

"इचार की. त्यो न्हाईच म्हणनार. त्येनं कवा मेंढरू तरी बरं केलंय का?"

मला हसू आलं. मी पाय लांब केला. तिनं दिवा लावला, तेल सुटलं, आणि माझ्या गुडघ्यावर तिनं रेघा ओढल्या, उभ्या आणि आडव्या. हात जरासुद्धा हलला नाही तिचा. "आता बघ," ती म्हणाली, "तिकडच्या पोरी बघत ऱ्हातील."

सकाळी गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. पाण्याचे फोड, काही फुटलेले, खालचं मांस लालभडक. आग अशी, की जीव नकोसा व्हावा. अंगात ताप चढला. आईनं माझ्या पायाकडं बघितलं. मग तीळ आणि खोबरं वाटलं, लावलं, वारा घातला, पुन्हा वाटलं. सगळं उलटसुलट चाललं होतं तिचं. मी दात आवळून पडले होते. ओरडले असते तर तिचं काय झालं असतं, म्हणून ओरडले नाही.

आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी फडकं उचललं आणि त्यांचा आवाज चढला. "हा उद्योग कुणी केला?"

आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी म्हटलं, "मीच लावला."

"शिकलेली पोरगी ना तू? आता पट्टा कुठं बांधायचा? ह्या कातड्यावर ना पट्टा, ना व्यायाम. उद्या ऑपरेशनची वेळ आली तर चिरायला जागा नाही ठेवलीस. जनावर आहेस का?"

जिन्यावरून उतरताना आई म्हणाली, "खोटं कशापायी बोललीस?" मी म्हटलं, "गप चल." एसटीत आम्ही शेजारी बसलो. मला राग आला होता. भयंकर राग आला होता, आणि ज्या बाईचा राग आला होता ती माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती, खड्ड्यात गाडी आदळली की दोन्ही हातांनी तो वर उचलून धरत होती. अशा बाईवर कुठं ओरडायचं?

कातडं भरायला आठवड्यावर आठवडे गेले. तोवर मांडी वाळून काठी झाली. एकदा न्हाणीत पाय मुडपला, आणि उरलेली अर्धी दोरीही गेली. ऑपरेशन पुढं उन्हाळ्यात झालं. आज मी चालते, जिना चढते. उडी मारत नाही. दुसऱ्या फेरीआधी सर वस्तीवर आले, गुडघा बघितला, आईनं दिलेला चहा प्याले आणि "बरं" म्हणून उठले. त्या 'बरं'मध्ये माझा सीझन संपला.

माझ्या जागेवर मिरजेच्या मैत्रिणीला घेतलं. ती उजव्या हाताची. फोन करून रडायला लागली, "तुझ्या जागेवर मला नको वाटतंय गं." मी तिला झापलं, "रडतीस काय? कोपऱ्यातनं आत उडी घे, जेवढी आत घेता येईल तेवढी. आणि बॉल हातातनं सोड, लग्न लावू नको." मग फोन ठेवून मी रडले.

दुसऱ्या फेरीतला उपांत्य सामना आमच्याकडं दुपारी दिसला. वस्तीवर रेंज नाही, माळावरच्या लिंबाखाली येते. आई मेंढरं तिथंच घेऊन आली आणि माझ्या शेजारी टेकली. आयुष्यात पहिल्यांदा ती सामना बघत होती. फोनच्या काचेवर ऊन पडत होतं, तर तिनं पदर आडवा धरला.

"तुझी जागा कंची?"

मी बोट ठेवलं.

"तितं कोन हाय ही?"

"मिरजेची."

"डावरी हाय?"

"न्हाई."

तिनं पदर जरा पुढं ओढला. मैत्रीण जीव तोडून खेळत होती. आत उड्या घेत होती, तरी फटीतून मारायचं ते फटीतूनच. दोन गोल झाले तिचे. शेवटी आम्ही एका गोलानं मागं होतो आणि बॉल तिच्याकडं आला, रिकाम्या कोपऱ्यात, अडवायला कुणी नाही. तिनं उडी घेतली. बॉल खांबावर आपटून बाहेर गेला. शिट्टी वाजली. तिकडच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मैत्रीण तिथंच कोपऱ्यात बसून राहिली.

आईनं पदर खाली घेतला. "त्यो शेवटचा," ती म्हणाली, "तू असतीस तर गेला असता का गं?"

खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरपुढं बोललेच होते की. पण त्या वेळी मला नाही जमलं. मी म्हटलं, "व्हय. गेला असता."

तिनं मान हलवली. मेंढरं पांगली होती, ती हाकायला उठली.

त्यानंतर एका सकाळी ती मेंढरांमागं लंगडत निघालेली मी बघितली. काटा मोडला असेल म्हणून हाक मारली तर थांबेना. काठी टेकत गेले, तिला ओट्यावर बसवलं आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. उजवा गुडघा. उभ्या आडव्या रेघा, माझ्या होत्या तिथंच. फोड फुटलेले, खालचं मांस लाल. वरून फडकंसुद्धा नाही.

"आये, येडी झालीस का काय तू? काय केलंस हे?"

ती गुडघ्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

"बघाय पायजे हुतं मला," ती म्हणाली. "लय आग हुती गं. जीव जातूय. आन् तू एकदाबी वरडली न्हाईस."