हजेरीबाईंचा शनिवार

खात्याच्या कागदांवर त्या देखरेख अधिकारी होत्या. सह्या करायला येणारी माणसं मात्र त्यांना हजेरीबाई म्हणत. तोंडावर नाही, जिन्यात. पण जिना त्यांच्या खोलीच्या दारातच संपायचा, त्यामुळे आपलं नाव बाईंना पहिल्या वर्षीच कळलं होतं.

बावीस वर्षं त्या एकच धडा शिकवत आल्या. नवा माणूस समोर बसला की म्हणायच्या, "प्रोबेशन म्हणजे तुला आत न पाठवता बाहेरच ठेवलंय. पॅरोल म्हणजे आतून थोडं आधी बाहेर काढलंय. सुटका दोन्हींत नाही, हे डोक्यात पक्कं बसव." मग अटी. दर सोमवारी हजेरी. शहराची हद्द ओलांडायची तर लेखी परवानगी. पत्ता बदलायच्या आधी कळवायचं. काम सुटता कामा नये. जुन्या साथीदारांची सावलीसुद्धा नको. यातलं एक जरी मोडलं तरी ते उल्लंघन, मग गुन्हा केलेला असो वा नसो. आणि पॅरोल मंडळासमोर उभं राहायची वेळ आलीच, तर खोटं बोलायचं नाही. हे शेवटचं कुठल्या कागदावर नव्हतं, ते बाईंचं स्वतःचं होतं.

लेथवर काम करणारा टर्नर या सगळ्या अटी तोंडपाठ म्हणून दाखवायचा. साथीदारांबरोबर गोदाम फोडलं म्हणून त्याला सात वर्षं लागली होती. चार आत काढली, उरलेल्या तीन वर्षांसाठी पॅरोल मिळाला. घरी त्याची बहीण आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला आई नव्हती, आत्यानेच वाढवलेली. बाप परत आला तेव्हा पहिले दोन महिने ती त्याला 'अहो' म्हणायची, असं तो हसत हसत सांगायचा. तेरा महिन्यांत त्याचा एक सोमवार चुकला नाही.

मग कारखान्यात नवा फोरमन आला आणि त्याने टर्नरला रात्रपाळीवरून दिवसपाळीला टाकलं. सोमवारी सुटी मागितली तर म्हणाला, कायमचीच घे. आता आली का पंचाईत? हजेरीला जावं तर काम सुटतं, काम धरावं तर हजेरी चुकते. दोन्ही अटी एकाच कागदावर, एकीखाली एक, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. असले कागद करणाऱ्यांना एक महिना लेथवर उभं करायला हवं.

"तू कामावर जा," बाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारी मी गृहभेटीला येते, तिथेच सही घेईन. फक्त शनिवारी घर सोडू नकोस."

"लेखी काही लागेल का, बाई?"

"वरून मंजुरी यायला तीन महिने लागतात. तोवर तुझं काम राहील का? मी आहे ना."

बाईंची ही जुनी पद्धत होती. गृहभेटीच्या सुट्या कागदावर सही घ्यायची, कागद पिशवीत टाकायचा आणि सवड मिळाली की सगळ्या सह्यांची नोंद फायलीत करायची. बावीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दोन शनिवार त्या गेल्या. मुलगी पाण्याचा पेला आणून द्यायची आणि त्यांना हजेरीकाकू म्हणायची, कारण बापाने तसंच सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाच्या घरचा जिना उतरताना बाईंचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी कचेरीत दोन फोन केले, दोन्ही अशा माणसांसाठी की ज्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागायचं. टर्नरसाठी त्यांनी फोन केला नाही. तो नाकासमोर चालणारा, त्याची कसली काळजी? चांगला होता म्हणून तो त्यांच्या लक्षातून गेला. पुढे बाईंनी स्वतःला सगळं माफ केलं असतं, एवढं सोडून.

तिकडे तो तीन शनिवार दारात बसून राहिला. भाजी आणायलासुद्धा उठला नाही, बाई येतील आणि आपण घरी नसू म्हणून. एकदा जेवणाच्या सुटीत त्याने कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, बाई रजेवर आहेत, आल्या की निरोप देतो.

बाईंच्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याला कचेरीत इस्त्री म्हणत, शर्टावरून आणि स्वभावावरूनही. माणूस वाईट नव्हता, पण कागदाच्या पलीकडे त्याला काही दिसत नसे. फायलीत पाच सोमवार कोरे. तो सोमवारी अकरा वाजता पत्त्यावर गेला, दाराला कुलूप. टर्नर कारखान्यात, मुलगी शाळेत, बहीण कामावर. 'पत्त्यावर आढळला नाही' असं लिहून त्याने उल्लंघनाचा अहवाल धाडला. वॉरंट निघालं. टर्नरला चालू लेथवरून उचललं.

"बाई शनिवारी घरी येतात," तो सांगत राहिला.

"लेखी आहे?" इस्त्रीने विचारलं. लेखी काहीच नव्हतं.

टर्नरची बहीण रडत हॉस्पिटलात आली तेव्हा बाईंना हे कळलं. पुढच्या आठवड्यात त्या कुबड्यांवर मंडळापुढे उभ्या राहिल्या. पिशवीतले दोन कागद त्यांनी टेबलावर ठेवले आणि चूक माझी, असं तीनदा सांगितलं. अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिले. यांची नोंद कुठे आहे, त्यांनी विचारलं. नोंद व्हायची होती, बाई म्हणाल्या. आणि उरलेल्या तीन आठवड्यांचं काय?

मग अध्यक्ष टर्नरकडे वळले. "वार बदलायचा तर लेखी मंजुरी लागते, हे तुम्हाला माहीत होतं?"

ते त्याला वाट काढून देत होते. नाही म्हणाला असता तर ताकीद देऊन सोडला असता. बाईंना ते समजलं आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही बाईंकडे पाहिलं, शाळेत मुलगा पाहतो तसं.

"हो साहेब, माहीत होतं," तो म्हणाला. "बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

पॅरोल रद्द झाला. रद्द झालेल्या पॅरोलचे बाहेरचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, हाही नियमच. चौदा महिने पाण्यात गेले आणि तीन वर्षं होती तशी पुन्हा उभी राहिली. बाईंना लेखी समज मिळाली, एका पानाची.

त्याला नेत होते तेव्हा बाहेरच्या बाकाजवळ तो क्षणभर थांबला. "पोरीला तुम्हीच सांगा, बाई. बापाने परत चोरी केलेली नाही, एवढं तिला कळू द्या. आत्याचं ती ऐकायची नाही, तुमचं ऐकेल."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

शनिवारीच गेल्या त्या, दुसरा वार त्यांना सुचला नाही. मुलीने दार उघडलं, कुबड्या पाहिल्या आणि खुर्ची पुढे ओढून दिली. बाई बसल्या. बोलायचं सगळं वाटेत जुळवून आणलेलं होतं, त्यातलं एवढंच आठवलं.

"तुझ्या बाबांनी काहीही वाईट केलेलं नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "अगदी काही नाही."

"मग नेलं कशाला?"

पॅरोल, अट, उल्लंघन हे शब्द बाईंनी शेकडो माणसांना समजावले होते. त्यातला एकही त्यांच्या तोंडातून निघेना. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

"माझी चूक झाली गं. मी लिहून ठेवायचं होतं, ते ठेवलं नाही."

मुलगी रागावलेली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग तुम्हाला का नाही नेलं, काकू?"

आत्या आतून धावत आली आणि तिला गप्प करू लागली. बाईंनी हातानेच आत्याला थांबवलं. मुलगी उत्तराची वाट पाहत समोर उभी होती.