गल्लीतले कूलर चालूच होते

१४ ऑक्टोबर, मंगळवार. काम : माळा रिकामा करणे.

दिवाळी तोंडावर आली आहे आणि उद्या सकाळी ताई येते आहे, म्हणून आज दुकानात गेले नाही. झाशीच्या सदर बाज़ारात आमचं चष्म्याचं दुकान आहे. एक दिवस नवरा एकटा सांभाळेल. राहतो मात्र माझ्या माहेरच्याच घरात. माळ्यावरून फुटकी चाळणी निघाली, जुन्या कूलरच्या जाळीतली वाळलेली खस, आईचा पितळी पानडबा. आणि सगळ्यात मागे, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला टीव्ही गेम. तो तिथे आहे हे मला माहीत होतं. दर दिवाळीला मी माळ्याचा तेवढा कोपरा सोडून देत आले आहे. या वर्षी माझी मुलगी मुक्ता स्टुलावर चढली आणि तिचा हात थेट तिथे गेला.

या गेमबद्दल एक गोष्ट आहे, ती माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही. आई गेली, बाबा गेले, त्यांनाही कळली नाही. नवऱ्याला मी आमच्या घरातलं बरं-वाईट सगळं सांगितलं, हे सोडून. तुम्हाला का सांगते आहे? कारण उद्या दुसरं कोणी सांगेल, अशी वेळ आली आहे. म्हणजे धैर्य वगैरे काही नाही — आधीच स्पष्ट केलेलं बरं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेच्या तोंडावर तिला कावीळ झाली, बरी होते म्हणेपर्यंत उलटली, आणि सबंध वर्ष घरात गेलं. उसाचा रस, मुळ्याची भाजी, अंथरूण. दिल्लीच्या मामाने तिच्यासाठी हा टीव्ही गेम आणला. सोबत एकच कॅसेट, तीही वरचं चित्र सोलून निघालेली. नाव कळेना, म्हणून आम्ही तिला 'भुयार' म्हणायचो.

आज मुक्ताने कुठूनशी एक पिन शोधून तो आमच्या टीव्हीला जोडला. चालला! ती थोडा वेळ खेळली, मेली, परत मेली, आणि जॉयस्टिक खाली ठेवून म्हणाली, "मम्मी, इसमें मज़ा क्या था? ये पेड़ है? ये तो हरा डिब्बा है. और कोई बताता भी नहीं कि जाना कहाँ है."

मुक्ताला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

मी म्हटलं, "कोणी सांगत नव्हतं, हाच तर मज़ा होता."

तिला ते पटलं नाही. पण खरंच, काय होतं त्यात? हिरवा चौकोन म्हणजे झाड, तपकिरी त्रिकोण म्हणजे डोंगर, आणि आपला माणूस म्हणजे एक टोपी आणि दोन पाय. पडद्याच्या कडेला गेलं की सगळं चित्र सरकायचं आणि दुसरं यायचं, आणि तिथे काय असेल ते आधी कळायचं नाही. ते सरकण्यापुरते आम्ही दोघी श्वास धरायचो. चित्रात काही नव्हतं म्हणूनच सगळं आम्ही भरलं. तपकिरी त्रिकोण हे ओरछ्याच्या रस्त्यावरचे खडक झाले. जिथे एक म्हातारा दुकान मांडून बसायचा तो सदर बाज़ार. डावीकडे लांबच लांब रिकामं माळरान होतं, ते मोठ गावाकडचं. भुयाराचं तोंड म्हणजे शहराच्या कोटाचा ओरछा गेट, कारण आमचं घर त्याच्या आत. आजच्या मुक्ताच्या गेममध्ये घोड्याच्या आयाळीचा केसन् केस दिसतो. त्यात आपण भर काय घालणार?

अवघड इतका, की एका चुकीला सगळं परत. एक दगड ढकलायचा, एक झुडूप जाळायचं — पण कुठलं? हजार झुडपं सारखी. खेळायची ताई. मी नकाशा काढायची, बाबांच्या कारखान्यातून आलेल्या आलेखाच्या कागदावर. एक चौकट म्हणजे एक पडदा. "छोटी, इकडून पुढे काय?" ताई विचारायची आणि मी कागदावर बोट ठेवून सांगायची. कळलं का तुम्हाला? त्या घरात मला कोणी काही विचारत नव्हतं. आजारी मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या मुलीने शहाण्यासारखं राहायचं असतं. पण भुयारात माझ्यावाचून ताईचं पाऊल पुढे पडत नव्हतं.

आणि भीती. भुयाराच्या आत पडदा काळा असायचा. मशाल असेल तरच खोली दिसायची. पुढच्या खोलीत काय आहे ते कळायच्या आधी तीन सुरांचं एक संगीत यायचं, खालचा सूर लांबवलेलं. ते ऐकलं की मी ताईच्या पाठीत डोकं खुपसायची. आज ते परत वाजलं. मी स्वयंपाकघरात होते, हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. मुक्ताला वाटलं, मी गंमत करते आहे.

ताईने ठरवलं होतं — भुयार संपलं की इंटरची पुस्तकं काढायची. देवासमोर शपथ घेतल्यासारखं तिने ते सगळ्यांना सांगितलं होतं. आई हसली होती, "संपव बाई, तेवढं तरी संपव." मे महिन्यात ती शेवटच्या खोलीपर्यंत पोचली. नकाशात एकच चौकट कोरी उरली. ती म्हणाली, "मी आंघोळ करून येते, मग जाऊ." आमच्याकडे मे महिन्यात दुपारीही आंघोळ करतात. बादलीतलं पाणीही तापलेलं असतं, पण निदान ओलं असतं.

मी एकटी त्या पडद्यासमोर बसले. ती आत गेली तर काय होईल? जिंकेल. मग पुस्तकं काढेल, परीक्षेला बसेल, भोपाळला नाहीतर ग्वाल्हेरला शिकायला जाईल. नकाशाचं काय? माझं काय? हे सगळं मी असं नीट, ओळीने विचार करून केलं नाही. पण वाटलं हेच.

मी पडवीत गेले आणि मेन स्विच पाडला.

झाशीत लाइट गेल्याचं कारण कोणी विचारत नाही. ती जाते. गेम चालू असताना गेली तर खेळलेलं पुसून जातं असं आम्ही ऐकून होतो, म्हणून बंद करतानाही एक बटण दाबून धरायचं असा नेम होता आणि ते दाबायचं काम माझं होतं. आतून आईचा आवाज आला, "गेली का गं मेली?" मी म्हटलं, "गेली." आईने झोपेतच बाबांचा उद्धार केला. त्यांच्या कारखान्याचे ट्रान्सफॉर्मर म्हणे सगळ्या मुलखात जातात आणि आपल्या नशिबी हातपंखा. ताई ओल्या केसांनी बाहेर आली. "लाइट गेली?"

"हो."

ती उभी राहिली. आणि तेव्हा मला ऐकू आलं.

आमच्या गावात लाइट गेलेली डोळ्यांना कळत नाही, कानांना कळते. मे महिन्याच्या दुपारी गल्लीतल्या घरोघरच्या कूलरची घरघर एकदम थांबते आणि कानात नुसती शांतता भरते. त्या दुपारी आमचा कूलर बंद होता. शेजारच्या तिवारी चाचींचा चालू होता. समोरचा चालू होता. सगळी गल्ली घरघरत होती. स्विच पाडताना माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. ताईच्या आलं का? ती टॉवेल हातात धरून जरा जास्तच वेळ उभी होती, की मला तसं वाटलं? मग "अच्छा" म्हणाली आणि केस पुसायला लागली. ती आत वळल्यावर मी स्विच हळूच वर केला.

संध्याकाळी बाबा दारात तिवारीजींना म्हणाले, दुपारी लाइट गेली होती ना? तिवारीजी म्हणाले, "नहीं तो, हमारे यहाँ तो नहीं गई." मी दाराआड होते. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, फेज उडाला असेल. आत येऊन फ्यूजची तार बदलली. विजेच्या बाबतीत ज्या माणसाचा शब्द सगळी गल्ली मानायची, त्याने माझ्या खोट्यावर शिक्का मारला. मी टॉर्च धरून उभी होते.

ताईने गेम लावून पाहिला. खेळलेलं ज्या नावावर जमा व्हायचं, ते तिचं नाव नव्हतं. ती रडली नाही. कॅसेट काढली, चादरीचा तुकडा आणला, सगळं गुंडाळलं. म्हणाली, "माझ्या हातून काही पुरं होत नाही." मी म्हटलं, आपण परत पहिल्यापासून खेळू, नकाशा आहे ना माझ्याकडे. तिने मान हलवली. पुस्तकं निघाली नाहीत. पुढच्या वर्षी लग्न ठरलं. एका गेमवरून कोणाचं आयुष्य ठरतं का? नाही ठरत. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की त्याचा अर्थ आता झिजला. ताई भोपाळला सुखात आहे. फक्त विणायला घेतलेला स्वेटर अर्धा राहिला, कार चालवायला शिकणं अर्धं राहिलं की हसत हसत तेच वाक्य म्हणते. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली. मी इकडे हसले.

इथवर तुम्ही म्हणाल, बारा वर्षांची पोर, स्विच पाडला, झालं. मलाही इथे थांबता आलं असतं. इतकी वर्षं मनातल्या मनातही मी इथेच थांबत आले.

आज दुपारी मुक्ताने विचारलं, "मौसी का गेम कहाँ है? तुम तो कहती थीं लास्ट तक पहुँची थी." मी म्हटलं, लाइट गेली होती, पुसला गेला. ती फोनमध्ये काहीतरी वाचत होती. म्हणाली, "लाइट जाने से नाम थोड़ी मिटता है, मम्मी. ज़्यादा से ज़्यादा थोड़ा पीछे से खेलना पड़ता. मिटाना हो तो यहाँ से मिटाते हैं. देखो, दो बार पूछता है." आणि तिने दाखवलं. "किसी ने जानबूझकर मिटाया है. कल मौसी को बताऊँगी, मज़ा आएगा."

हो. दोन वेळा विचारतो.

स्विच मी नंतर पाडला. आधी मी जॉयस्टिक हातात घेतली, पहिल्या पडद्यावर परत गेले, ताईच्या नावावर बाण आणला आणि पुसायचं बटण दाबलं. गेमने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. परत विचारलं. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता. मी परत हो म्हटलं. नाव गेल्यावर मग उठले आणि पडवीत गेले. लाइट हे कारण नव्हतं, पांघरूण होतं. घाबरून हात चुकला, असं म्हणायला मला जागा नाही. मला विचारण्यात आलं होतं.

मुक्ताला गप्प कर, असं सुचलं. कॅसेट पाण्यात टाक, असंही सुचलं, या वयात. दोन्ही केलं नाही, पण सुचलं हे लिहून ठेवते.

१५ ऑक्टोबर.

सकाळी मुक्ताला झोपू दिलं आणि एकटीच स्टेशनवर गेले. ताई उतरली, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "वाळलीस गं छोटी." ऑटोत तिची बॅग मध्ये ठेवली. घर यायच्या आत बोलायचं होतं. किल्ला मागे पडल्यावर मी सांगितलं. आधी नाव पुसलं, दोन्ही वेळा हो म्हटलं, मग स्विच पाडला, मग तुला खोटं सांगितलं, मग बाबांना फ्यूज बदलू दिला. जसं घडलं त्या क्रमाने. मध्ये थांबले नाही आणि तिच्याकडे पाहिलं नाही.

ताई बाहेर बघत होती. रस्ता उखडलेला होता. "भैया, ज़रा धीरे," ती ऑटोवाल्याला म्हणाली.

घरी आल्यावर मी बॅग आत नेली. ती मागे आली नाही म्हणून वळून पाहिलं. पडवीत मेन स्विचसमोर उभी होती, चप्पल पायातच. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.