पत्रकाचं दुसरं पान

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली बसणारा शिंपी कट्टर झालाय की नाही, हे ज्या पाच खुणांवरून ठरवण्यात आलं त्या पाचही खुणा मी लिहिल्या होत्या. पिवळ्या रंगावर काळी ठळक अक्षरं, मधोमध भिंग घेतलेला हात. भिंगाची कल्पनाही माझीच. तेव्हा शाबासकी मिळाली होती.

मी सॉल्ट लेकमध्ये दोन खोल्यांच्या एका संस्थेत काम करते. फोनमधून पसरणारं विष लोकांना ओळखता यावं म्हणून आम्ही पत्रकं काढतो, कॉलेजांच्या दारात उभं राहून वाटतो, आणि दहा पावलांवर लोक ती टाकून देतात तिथून उचलून पुन्हा वाटतो. इथे आल्या आल्या एकच गोष्ट शिकवली जाते: लोक वाचत नाहीत, म्हणून कमी लिहा. मी हुशार विद्यार्थिनी. फारच कमी लिहिलं.

मूळ पत्रक दोन पानी होतं. पहिल्या पानावर 'ऑनलाइन कट्टरतेच्या पाच खुणा': दिसण्यात अचानक बदल, जुने छंद सोडणं, तासन्‌तास एकट्यानं व्हिडिओ बघणं किंवा ऐकणं, जुन्या ओळखींपासून तुटणं, आणि विचारल्यावर उत्तर टाळणं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की यातली एकही खूण म्हणजे पुरावा नव्हे. माणसं आजारी पडली, प्रेमात पडली, निवृत्त झाली तरी अशीच वागतात. म्हणून आधी त्या माणसाशी बोला, मग काय ते ठरवा.

शहरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी मी त्याचं मराठी केलं. बाबांची बँकेतली बदली होऊन आम्ही इथे बंगालमध्ये आलो तेव्हा मी बालवाडीत होते, आणि 'हिला मराठी येतं का हो?' हे वाक्य मी वीस वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकलंय. येतं, हे दाखवायचं होतं. पण दोन पानं कोण फॉरवर्ड करतं? एका चित्रात एकच मुद्दा, हा आमचा नियम. दुसरं पान मीच कापलं.

दुपारी पाठवलेलं चित्र संध्याकाळी कुठून कुठून फिरून आईच्या फोनवर परत आलं. वर कुणीतरी लिहिलेलं: 'डोळे उघडे ठेवा. आपल्या आजूबाजूला बघा.' आमचं पत्रक कुणी शेवटपर्यंत वाचल्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रसगुल्ले वाटले.

पत्रकात धर्माचं नाव कुठेही नव्हतं. त्याचा मला फार अभिमान. ती जागा आम्ही सभ्यपणे रिकामी ठेवली होती. लोकांनी ती भरायला एक दिवसही घेतला नाही.

आमची इमारत डमडमला. बँका आणि सरकारी खात्यांतल्या लोकांनी मिळून बांधलेली. पाच घरं मराठी, बाकी बंगाली. जिन्याखालच्या खोलीत एकोणीस वर्षं एक शिंपी बसतात. बायका त्यांना मास्टर म्हणतात, मी चाचा म्हणते. आईनं फार पूर्वी त्यांच्यासमोर आपली नऊवारी उलगडून ओचा कुठे येतो, काष्टा कसा जातो हे समजावलं, आणि त्यांनी तिला पहिली शिवलेली नऊवारी करून दिली. तेव्हापासून सगळ्या शहरातल्या मराठी बायका त्यांच्या दारात. यंदा तर गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझीम पथकाच्या बावीस नऊवाऱ्या त्यांच्याकडे होत्या. त्या झाल्या की पूजेचे ब्लाउज. इथल्या शिंप्याचं वर्ष दुर्गापूजेच्या आधीच्या दोन महिन्यांवर उभं असतं.

तर या चाचांनी हिवाळ्यात दाढी वाढवली. दिवसभर वाजणारा रेडिओ बंद झाला. कानात इअरफोन आले. वर सेक्रेटरी काकांकडे चहाला जाणंही थांबलं.

इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांनी माझं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'कुणाचं नाव घेत नाही. तळमजल्यावर लक्ष असावं.' आमच्या तळमजल्यावर चाचांखेरीज फक्त पाण्याचा पंप राहतो.

मी बाबांना म्हटलं, "तुम्ही मिशी काढलीत, पेटी वाजवणं सोडलंत, दिवसभर कानात वायरी घालून गुडघेदुखीवरची भाषणं ऐकता, बँकेतल्या एका माणसाला फोन करत नाही. पाचातल्या चार खुणा झाल्या. पाचवी सांगा, काय ऐकता?"

"तुला काय करायचंय?" बाबा म्हणाले.

पाचही झाल्या. पण बाबांसाठी कुणी सभा बोलावली नाही. सभा बोलावली ती 'तळमजल्यावरील खोलीच्या पुनर्वापराबाबत', रविवारी सकाळी, सगळ्यांच्या सह्यांनिशी.

मग मी चाचांकडे गेले. सावध करायला गेले, असं मी स्वतःला सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या दारात उभी राहून पहिली त्यांची दाढी बघितली. वीतभर होती. आणि तोंडातून पहिला प्रश्न हा निघाला:

"चाचा, कानात काय ऐकत असता हल्ली?"

मशीन थांबलं. "तुझ्याही यादीत आलो का, मामोनी?" चाचा बंगालीमिश्रित हिंदी बोलतात आणि मला लहानपणापासून मामोनी म्हणतात, म्हणजे बेटा.

"यादी माझीच आहे," मी म्हटलं. कधीतरी सांगायलाच हवं होतं. "पण त्यात मुसलमान असं कुठेही लिहिलेलं नाही."

त्यांनी फोन काढला. माझं चित्र त्यांना सहा गिऱ्हाइकांनी पाठवलं होतं. "मराठी मला वाचता येत नाही. चित्र येतं." बोट भिंगाच्या काचेवर. काचेत आम्ही एक चेहरा काढला होता, नुसती काळी सावली. सावलीला दाढी होती. कुणी काढली, कशाला काढली, आठवत नाही. आमच्या दोन खोल्यांतल्या एकालाही ती खटकली नव्हती, आणि आम्ही सगळे खटकण्याचाच पगार घेतो.

"मेहुणा पाठवतो ते ऐकतो," चाचा म्हणाले. मेहुणा म्हणजे बराकपूरला असलेल्या बहिणीचा नवरा. "एक पोरगा आहे. समोर गोल दिवा, हातात हा एवढा माइक. म्हणतो, मूर्तीच्या सणाचे कपडे शिवणारा मुसलमान नाही. चाळीस सेकंदांत सगळा इस्लाम सांगून मोकळा. मी पन्नास वर्षं शिकतोय, अजून पहिल्या धड्यावर आहे."

"मग ऐकता कशाला?"

"नाही ऐकलं तर शुक्रवारी मेहुणा विचारतो, ऐकलंस का? मग वाद कसा घालू? आमच्या इमामसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, माप नीट घे, वेळेवर दे, उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत कर. बस्स. पण त्यांच्यासमोर दिवा नाही ना. त्यांचं कोण ऐकतं?"

म्हणजे एकीकडे तो दिवेवाला पोरगा म्हणत होता, यांनी त्यांचं शिवू नये. दुसरीकडे आमचे सेक्रेटरी काका म्हणत होते, यांच्याकडून आपण शिवून घेऊ नये. दोघे एकमेकांना भेटले असते तर एकमेकांच्या घरचं पाणी प्यायले नसते, पण चाचांच्या बाबतीत त्यांचं संपूर्ण एकमत होतं.

"रेडिओ?"

"बिघडला."

"आणि दाढी?"

"ठेवावीशी वाटली."

"पण का?"

"तू गेल्या वर्षी केस कापून टाकलेस. मी विचारलं?"

खरं सांगायचं तर मला एखादं केविलवाणं कारण हवं होतं. त्वचेचा आजार, घरातलं दुखणं, काहीही, सभेत सांगितलं की लोकांचे डोळे पाणावतील असं. माणसाला दाढी ठेवावीशी वाटली, हे मला पुरेना. दुसऱ्या पानाची लेखिका मी!

रविवारी सभेला चाचा गळ्यात टेप घालूनच आले. सेक्रेटरी काकांनी सुरुवात गोड केली. "मास्टर, तुमच्याबद्दल व्यक्तिशः काही नाही हं. पण हल्ली वातावरण बघता..."

मी उभी राहिले. "काका, ते चित्र अर्धं आहे. ते मीच लिहिलंय. दुसरं पान आहे त्याला."

"अगं, तू लिहिलंयस म्हणून तर विश्वास ठेवला! तज्ज्ञ आपल्याच घरात आहे म्हटल्यावर."

"मग तज्ज्ञ सांगतेय की असं काही ठरवता येत नाही."

"लहान आहेस तू अजून," काका म्हणाले. तज्ज्ञ असण्याचा माझा काळ एका वाक्यात संपला.

मी दुसरं पान वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला मागून आवाज आला, "ग्रुपवर टाक ना, वाचू सावकाश."

तेवढ्यात आई बोलली. "माझं माप एकोणीस वर्षं या माणसाच्या वहीत आहे. वाढलेलं प्रत्येक बोट त्यांना माहीत आहे आणि त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या ग्रुपवर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन मला कळायच्या आधी आलं होतं."

हशा पिकला. हशा पिकला की आपल्याकडे ठराव थोडा लवचिक होतो. सेक्रेटरी काकांची बायको, आमच्या काकू, हळूच म्हणाल्या, "अहो, माझ्या नऊवारीचा काष्टा राहिलाय अजून. गणपतीपर्यंत तरी राहू दे त्यांना." दुसऱ्या मजल्यावरच्या बंगाली बाई म्हणाल्या, गणपती कशाला, पूजेपर्यंत राहू द्या, आपले चार ब्लाउज शिवायला टाकायचे आहेत. माना डोलल्या. माणूस धोकादायक होता, पण हुक-बटणं लावून झाल्यावर.

चाचांना विचारलं, तुमचं काही म्हणणं?

"पूजेनंतर दिवाळी आहे," चाचा शांतपणे म्हणाले. "मग लग्नं. मी नेमका कधीपासून धोकादायक व्हायचं ते नीट ठरवून सांगा. मला ऑर्डरी घ्याव्या लागतात."

कुणी हसलं नाही. ठराव झाला: दुर्गापूजेनंतर खोली रिकामी करावी. सर्वानुमते. मी आणि आईनं विरोधात वर केलेले हात इतिवृत्तात आले नाहीत. मी नंतर पाहिलं.

बावीसच्या बावीस नऊवाऱ्या मिरवणुकीच्या दोन दिवस आधी तयार होत्या, प्रत्येकीच्या पिशवीत उरलेलं कापड घडी करून. लेझीम पथक सुरेख दिसलं. फोटो त्याच मराठी ग्रुपवर आले, माझ्या चित्राच्या थोडं खाली. 'आपली संस्कृती!' आणि हात जोडलेले.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी पूजेच्या ब्लाउजांची न कापलेली कापडं घरोघर परत केली, मशीन सायकल-व्हॅनवर चढवलं आणि निघाले. सेक्रेटरी काका जिन्यात उभे राहून मनापासून दुखावले. "पूजेपर्यंत मुदत दिली होती ना आपण! असं मध्येच सोडून जातं का कुणी?"

मी खाली धावले. "चाचा, थांबा ना. मी पुन्हा सभा घ्यायला लावते."

"कशाला? मी चांगला आहे हे ठरवायला?" ते म्हणाले. "तो पण ठरावच ना, मामोनी."

गेले कुठे? बराकपूरला, बहिणीकडे. तेवढी एकच जागा होती. जो मेहुणा त्या पोरग्याची रील्स पाठवायचा त्याच्याच व्हरांड्यात आता मशीन आहे. पत्रकातली चौथी खूण आठवते? जुन्या ओळखींपासून तुटणं. चाचांच्या बाबतीत ती थोडी कच्ची होती, ते फक्त वर चहाला येत नव्हते. ती आम्ही ठराव करून पक्की करून दिली.

मागच्या आठवड्यात आईचं ब्लाउजचं कापड घेऊन मी बराकपूरला गेले. स्टेशनापासून टोटोनं, म्हणजे इथल्या ई-रिक्षानं, दहा मिनिटं. व्हरांड्याच्या एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला मेहुणा खुर्चीत, हातात फोन, आवाज पूर्ण मोठा. तोच पोरगा. मेहुण्यानं मला अगत्यानं बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि आवाज कमी केला नाही. चाचांच्या कानात आता इअरफोन नव्हते. गरज काय?

मी पिशवीतून दुसऱ्या पानाचा गठ्ठा काढला. सभेनंतर मी ते हिंदीत आणि बंगालीत छापून घेतलं होतं, जाड कागदावर, मोठ्या आकारात, सावलीबिवली काही नाही. चाचांनी बंगालीतलं एक घेऊन अक्षर न् अक्षर वाचलं. मग उलटं केलं, कोऱ्या बाजूवर खडूनं ब्लाउजच्या पाठीचा आकार काढला आणि कात्री चालवली.

"कागद चांगला आहे," म्हणाले. "आईची बाही कोपरापर्यंत ना?"

"हो. आणि चाचा, आईच्या भाचीचं लग्न आहे. एक नऊवारी..."

त्यांनी व्हरांड्याच्या त्या टोकाकडे पाहिलं. मेहुणा फोनमध्ये होता. पोरगा ओरडत होता.

"ब्लाउज दे, मामोनी. नऊवारी इथे नको."

एवढंच. शुक्रवारचा वाद ते हरले होते. किंवा एकट्यानं वाद घालून कंटाळले होते.

परतीच्या गाडीत फोन वाजला. मराठी ग्रुप. सेक्रेटरी काकांकडच्या काकूंचा मेसेज: 'शिवलेली नऊवारी करून देणारं कुणी माहितीत आहे का? तातडीनं हवंय. मास्टरांसारखं फिटिंग कुणाचंच नाही हो.' खाली अकरा जणींनी लिहिलेलं, मलाही, मलाही.

मी पत्रकाचं दुसरं पान पाठवलं. पूर्ण.

काकूंचं उत्तर डमडम यायच्या आत आलं. 'छान माहिती. पण मास्टरांचा नवा नंबर आहे का तुझ्याकडे?'