दोन वर्षं वजा

विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. बसले होते म्हणजे दर मिनिटाला उठत होते. पुण्याची गाडी लागायला अर्धा तास होता. बाबा गाडीची वाट बघतानासुद्धा स्टॉपवॉच हातात धरून होते. आईने माझ्या वेणीची रिबीन तिसऱ्यांदा सोडून बांधली आणि कानाशी येऊन म्हणाली, "तिकडे कुणी वय विचारलं तर पटकन बोलू नको. आधी मनात दोन वजा कर."

मला पंधरा पूर्ण झाली होती. ट्रंकेतल्या दाखल्यावर तेरा होती. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात शंभर मीटरसाठी आपल्या जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार होते, चौदाच्या आतली. ती मी.

डेपोत लाजोही आली होती. लाजो म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमधली सिंधी मुलगी. निवडीच्या शर्यतीत ती माझ्या मागे दुसरी आली होती, हातभर अंतराने. ती खरोखरची तेरा वर्षांची होती. निरोप द्यायला एकटीच चालत आली, माझ्या ट्रंकेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "जीत के आना." मी अशी काही मान डोलावली की जणू विजेच्या तारेने चिमणीला ओळख दाखवावी. त्या पोरीचं, म्हणजे माझं, थोबाड आज समोर आलं तर मी तिला आधी दोन लगावीन आणि मग जेवायला वाढीन.

आपल्या कारखान्याच्या वसाहतीच्या स्मरणिकेसाठी 'आपल्या धावपटू ताईंनी चार शब्द लिहावेत' असा तुमचा निरोप आला. अंबरनाथला राहिलेले, बदलापूरला सरकलेले आणि माझ्यासारखे समुद्रापलीकडे जाऊन पडलेले, तुम्ही सगळे हे वाचाल. म्हणून जे लिहायला बसले होते ते फाडून हे लिहितेय.

आमचं घर तुम्हाला आठवत असेल. बाबा कारखान्याच्या संघातून चारशे मीटर धावायचे. दादा लांब उडी मारायचा. आई वार्षिक क्रीडा दिनाला गोळा फेकायची, आणि एरवी आमच्यावर जे हाताशी येईल ते. आमच्या दोन खोल्यांत कुणी चालत नसे. मी दूध आणायला गेले की बाबा दारात वेळ लावून बसायचे, आणि दूध सांडलं तर त्याची वेगळी शिक्षा. संध्याकाळी कारखान्याच्या मैदानावर फक्की मारून पट्टे आखायचे, खुरपीने पाय रोवायला खड्डे खणायचे आणि अंधार पडेपर्यंत स्टार्ट मारायचे. बाबा सेकंदाच्या दहाव्या भागासाठी पंचांशी भांडायचे. तोच माणूस माझी दोन वर्षं गुपचूप गिळून बसला होता.

त्याचं असं झालं. आठ वर्षांची होईपर्यंत मी कुळगावला आजीकडे होते, शाळेशिवाय, आंब्याच्या झाडावर. बाबांनी मला अंबरनाथला आणून पहिलीत घातलं आणि वय सहा सांगितलं. तेव्हा निम्म्या वर्गाचा जन्म एक जूनचा असायचा. मास्तर विचारायचे, बाप डोकं खाजवायचा, मास्तर एक जून लिहून टाकायचे. त्या बापांना खरंच ठाऊक नसायचं. माझ्या बापाला वार, पौर्णिमा, पाऊस होता की नाही, सगळं ठाऊक होतं. पण शाळांच्या शर्यती दाखल्यावरच्या वयावर होतात, हेही ठाऊक होतं. "दोन वर्षांनी काय होतंय," ते म्हणायचे, "मोठ्या साहेबांच्या पोरांना दूध-अंडी मिळतात. तुला दोन वर्षं मिळाली समज."

मी समजले. पहिलीत मी बाकीच्या पोरांना उचलून बाकावर ठेवायचे. सहावीत मी सगळ्यांच्या पुढे असायचे आणि मला वाटायचं, माझ्या पायात काहीतरी आहे. काही नव्हतं. मी फक्त मोठी होते.

निघायच्या दिवशी सकाळी आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि आम्ही सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी सगळ्यात मोठ्याने म्हटलं. बाबांचा आवाज तेवढ्यापुरता बारीक झाल्यासारखा मला वाटला, पण ते माझं आत्ताचं शहाणपण असेल.

पुण्यात पहिलं वर्ष मी राणी होते. मेसमधली मुगाची उसळ, पहाटेची थंडी, घरची आठवण, सगळ्यावर जिंकणं हे औषध. दुसऱ्या वर्षी बरोबरच्या मुली वाढल्या. त्यांचे पाय लांब झाले, माझे व्हायचे तेवढे होऊन गेले होते. तिसऱ्या वर्षी त्या माझ्या पुढे गेल्या आणि मी कोचना सांगितलं की माझ्या घोट्यात कळ येते. घोटा उत्तम होता. राज्य स्पर्धेत एकदा चौथी आले, त्यावर टेलिफोन खात्यात नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या झाल्या. एका जागी तीन वर्षं झाली की मला अंगात मुंग्या यायच्या. हे म्हणायचे, "तुझी बदली खातं करत नाही, तूच मागून घेतेस." खरं होतं. निवृत्तीनंतर बदलापूरला बेलवलीत फ्लॅट घेतला, तिथे जरा पाय टेकले. हे गेले, आणि मुलगा मला मेलबर्नला घेऊन आला.

इथे सगळं सपाट आणि शांत आहे. लोक कुत्र्यांशी बोलतात, एकमेकांना हाय म्हणून पुढे जातात. मी घरात येरझारा घालते म्हणून सुनेने माझ्या मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ बांधलं. ते दुपारपर्यंतच शाबासकी देऊन मोकळं होतं. मग माझी नात ईरा, वय तेरा, खरंखुरं तेरा, मला तिच्या ॲथलेटिक्स क्लबवर घेऊन गेली. तिथे म्हाताऱ्यांच्याही शर्यती असतात. पासष्ट ते एकोणसत्तर एक गट, सत्तर ते चौऱ्याहत्तर पुढचा. साठ मीटर. पासपोर्ट दाखवला. पासपोर्टावर अडुसष्ट होती. मला सत्तर नुकतीच पूर्ण झाली होती.

मी धावले. त्या कडक, लालसर ट्रॅकवर पाय असा उसळतो की आपण तरुण आहोत असा गैरसमज होतो. सहा जणी होत्या, मी सहावी आले. त्यातली पहिली आलेली बाई सायकलवरून घरी गेली. लगेच सत्तरच्या गटाची शर्यत झाली, चार जणी. ईरा फोनवर निकाल बघत म्हणाली, "आज्जी, त्यांची फर्स्ट आलेली तुझ्यापेक्षा स्लो आहे. तू त्या ग्रुपमध्ये असतीस तर यू वुड हॅव वन."

पुढचे आठ-दहा दिवस मी घरात कुणाला सुखाने बसू दिलं नाही. भांडी घासलेली पुन्हा घासली. अन्याय झाला, माझं हक्काचं मेडल दुसऱ्या बाईने नेलं, निव्वळ एका कागदापायी. असं मी स्वतःशी बडबडत होते, आणि बडबडता बडबडता एकदम नळ बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला लाजो आठवली. नुसती नाही, डेपोत माझ्या ट्रंकेकडे बघत उभी असलेली.

गेल्या डिसेंबरात भारतात आले. वसाहतीच्या ग्रुपवर विचारत विचारत कॅम्प चारमधलं तिचं घर सापडलं. तिने दार उघडलं, मला वर-खाली बघितलं.

"कौन?"

"मी. अंबरनाथची. शंभर मीटरवाली."

"तू तो छोटी हो गई," ती म्हणाली. "पहले इतनी लंबी थी."

तिने रिवाजाप्रमाणे पापड आणि पाणी पुढे ठेवलं. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. म्हटलं, "लाजो, त्या शर्यतीत मी तेराची नव्हते. पंधराची होते."

"मालूम था."

"कसं?"

"शर्यतीच्या दिवशी तंबूत तुझी थैली पडली होती. अंदर कपड्याच्या घड्या, महिन्याच्या. मेरा तो शुरू भी नहीं हुआ था. घरी जाऊन आईला विचारलं, हे कशाला असतं. तिने सांगितलं, किस उमर में होता है वो भी बताया."

"मग बोलली का नाहीस?"

"किसको बोलती? तुमच्या मास्तर लोकांना? कि लड़की की थैली में मैंने क्या देखा?"

मी मान खाली घातली. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, भाजीवालीच्या काट्याकडे बघावं तशी. "इतने साल बाद क्यों बता रही है?"

मी मेलबर्नची शर्यत सांगितली. अडुसष्ट, सत्तर, सहावी, सगळं. लाजो हसायला लागली. इतकी हसली की आतून सून बघायला आली. "मतलब तू वहाँ हारी, तब मैं याद आई."

मी पापडाची ताटली बाजूला सारली. मग म्हटलं, "तुझं नाव निघालं असतं तर तुला घरच्यांनी पाठवलं असतं का?" हे मी का विचारलं ते मला आज नीट कळतं. ती 'नाही' म्हणाली असती तर मी सुटले असते.

"शायद नहीं भेजते," ती म्हणाली. "पिताजी पुराने खयाल के थे. पर अदी, वो 'ना' मेरे घरवालों को बोलना था. तूने तो किसी को पूछने ही नहीं दिया."

अदी म्हणजे सिंधीत बहीण. मी माफी मागितली. तिने हात झटकला, माशी हाकलावी तसा. "माफी का क्या करूँ? लिही. तुझ्या सत्काराचा बोर्ड मैदानाबाहेर होता ना, मी रोज रिक्षातून बघायची. वो सब लोगों को लिख के बता. मेरा नाम भी डाल."

म्हणून लिहिलं. त्या शर्यतीत पहिली यायला हवी होती ती लाजो. तुम्ही मिरवणूक काढली ती चुकीच्या मुलीची. बाबांना नावं ठेवू नका. ठेवायची तर थोडी ठेवा, पण मला जास्त ठेवा. त्यांनी कागद केला, धावले मी.

ईराला सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, "सो करेक्ट इट, आज्जी, एज बदलून घे आणि जिंक." बरोबर धावपटूसारखं बोलली. मी बदलणार नाही. कागदावर सत्तर व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षं आहेत. तोवर मी तरुण बायकांत धावणार आणि शेवटी येणार. कुणाची तरी दोन वर्षं मी खाल्ली होती, त्यांची चव कशी असते ते आता कळू दे.

लाजोला प्रत्येक निकाल कळवते. परवाच्या शर्यतीनंतर घाम पुसायच्या आत फोन लावला.

"कितवी?"

"सहावी."

"कितने में?"

"सहांत."

"अच्छा हुआ," ती म्हणाली, अगदी मनापासून.

आपली वसाहत पाडून तिथे टॉवर होणार असं तुम्हीच ग्रुपवर टाकलंत. बेलवलीच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे. इथल्या घरात मला खोली आहे, खिडकी आहे, आणि सकाळी सातनंतर तिथे बसवत नाही. ईरा विचारते, मग तुझं घर नक्की कुठे आहे. मी तिला कॅम्प चारमधली ती गल्ली सांगते, जिथे मी आयुष्यात एकदाच गेले आहे. आई-बाबा, दादा, हे, सगळ्यांनी मला जिंकलेलीच बघायचं ठरवलं होतं. माझं खरं वय माहीत असून मला विचारणारं माणूस तिथे राहतं, आणि मी हरले की त्याला बरं वाटतं. त्या आवाजात मला जेवढं घरी आल्यासारखं वाटतं तेवढं कुठल्याच दारात वाटलं नाही.

फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "अगली कब है?"

"पुढच्या रविवारी."

"जोर लगा के दौड़ना," ती म्हणाली. "ऐसे ही मत हारना."