चहाबरोबर दिलेला शब्द

गाडीत टांगलेल्या मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की मला आष्टीच्या पुढचा रस्ता आठवतो. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन नगरला होतं, म्हणून मी ॲपवरून माजलगावातल्या एका गृहस्थाची गाडी भाड्याने घेतली. ॲपमध्ये गाडी जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई होती. आदल्या संध्याकाळी किल्ली घेताना मी जिल्ह्याबाहेर नगरला नेली तर चालेल का, असं विचारलं, तेव्हा मालकाने वडिलांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाला, ‘काका, बिनधास्त न्या, आपलीच गाडी समजा.’ त्यानंतर हे लेखी मागणं मला उद्धटपणाचं वाटलं. सकाळी जिल्ह्याची हद्द ओलांडून आम्ही पाणी प्यायला थांबलो, आणि गाडी पुन्हा सुरू झाली नाही. गाडीत बसवलेल्या यंत्रामुळे हद्द ओलांडल्याचं कळताच मालकाने ती मोबाइलवरून बंद केली होती. फोनवर तो म्हणाला, ‘हद्द ॲपमधी लिहिलेली हाय. मी कुठं न्या म्हणलो?’ मी चहाची आठवण करून दिली. ‘चहा पेताना माणूस लई बोलतंय, साहेब.’ दुसरं वाहन मिळेपर्यंत ऑपरेशनची वेळ टळली. मागच्या सीटवर बसलेल्या वडिलांनी एवढंच विचारलं, ‘काहून बंद केली रे? मला तर काका म्हणला होता तो.’